चाळिशी गाठणारी नायिका

मराठी समीक्षेने स्त्रीच्या दुःखाचे सविस्तर वाचन केले. तिच्या असमाधानाकडे मात्र ती संशयानेच पाहत आली. दुःखाला कारण असते, अन्याय करणारे कोणी असते, म्हणून त्याची संगती लावता येते. असमाधानाला असा प्रतिपक्ष नसतो. स्टेसी पॅसन यांचा ‘कन्कशन’ (२०१३) हा बड्या स्टुडिओंच्या चौकटीबाहेर तयार झालेला पहिला चित्रपट या भेदाचा विचार करायला लावतो.

नायिका ॲबी (रॉबिन वायगर्ट) चाळिशीतली आहे. न्यू जर्सीच्या सुखवस्तू उपनगरात ती पत्नी केट आणि दोन मुलांसह राहते. केट घटस्फोटाचे खटले चालवणारी वकील आहे. मुलाने फेकलेला चेंडू ॲबीच्या डोक्याला लागतो आणि मेंदूला हादरा बसतो. शीर्षकाचा वाच्यार्थ एवढाच. पुढे ती मॅनहॅटनमधील एक जुनी जागा विकण्यासाठी नव्याने सजवते आणि त्याच जागेत ‘एलनॉर’ हे नाव घेऊन, पैसे घेऊन स्त्रियांना शरीरसंग देऊ लागते.

लुई बुन्युएल यांचा ‘बेल द जूर’ (१९६७) येथे आठवणे अपरिहार्य आहे. त्यातील डॉक्टरपत्नी सेव्हरीन दुपारी कुंटणखान्यात जाते. तिची गिऱ्हाइके पुरुष असतात. ॲबीकडे येणाऱ्या स्त्रिया निरनिराळ्या वयांच्या आहेत आणि आधी कॉफी पीत बोलावे, असा तिचा आग्रह असतो. विक्रयाच्या व्यवहारात ती संवाद शोधते, हे या संहितेतील मर्मस्थान होय.

पदव्युत्तर वर्गाला मी तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ शिकवते. १९८१ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकाने समलिंगी स्त्रीला केंद्रस्थानी आणले, हे त्याचे ऐतिहासिक मोल निर्विवाद आहे. परंतु मित्राची कथा बापूच्या निवेदनातून येते आणि तिचा शेवट आत्महत्येत होतो. तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, या बायका कधी चाळिशीला पोचतच नाहीत का?” तिच्या आवाजात कुतूहलापेक्षा निकड अधिक होती.

वर्ग, जात, लिंगभाव या कोटी आपण समीक्षेत रुळवल्या. वय ही कोटी दुर्लक्षितच राहिली. शोकांतिका तरुणपणी संपते, असमाधानाला मात्र आयुष्य पुढे सरकावे लागते. मीही चाळिशी ओलांडलेली संसारी बाई आहे. सारे सुरळीत चालू असताना ‘एवढेच का?’ हा प्रश्न मलाही पडतो. तो विचारण्याची मुभा मला माझ्या साहित्यपरंपरेतील विवाहित नायिकांनी दिली. त्या विद्यार्थिनीने ज्यांच्याविषयी विचारले, त्यांना हा वारसा लाभलेला नाही.

ॲबीची मुभा संपत्तीवर उभी आहे, हा आक्षेप रास्तच आहे. आपल्याकडील देहविक्रयाच्या साहित्यात पोटाची भूक असते. येथे ती नाही. परंतु गरज भागल्यानंतरही उरणारी पोकळी चित्रपटाला तपासता येते ती यामुळेच. केट क्रूर नाही, समाज दारावर दगड मारत नाही, आणि तरीही काही हरवले आहे. शेवटी ॲबी संसारात परतते. दिग्दर्शिका तिला शिक्षाही करत नाही आणि मुक्तीचे प्रशस्तिपत्रही देत नाही.

न्यू जर्सीत समलिंगी विवाह ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरू झाले. हा चित्रपट तेथे प्रदर्शित झाला तोच हा महिना. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्रौढांचे परस्परसंमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. विवाहाला मान्यता देण्यास मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. विवाहाचा हक्क म्हणजे सुखाची हमी नव्हे. चारचौघांसारखे संसारात कंटाळण्याचा, चुकण्याचा आणि तरीही जगत राहण्याचा अधिकार त्यात अंतर्भूत असतो. मराठी साहित्यात हा अधिकार मिळालेली समलिंगी नायिका जेव्हा लिहिली जाईल, तेव्हा तिच्या दुःखाचे कारण शोधण्याची घाई आपण समीक्षकांनी करू नये.