शेवटच्या गाण्यात संपलेली फीत

२९ ऑगस्ट १९६६. सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्क या बेसबॉलच्या मैदानावर बीटल्स गात होते. पॉल मॅकार्टनीच्या सांगण्यावरून त्यांचे प्रसिद्धिप्रमुख टोनी बॅरो यांनी एका छोट्या कॅसेट रेकॉर्डरवर तो कार्यक्रम टिपला. कॅसेटच्या एका बाजूवर तीस मिनिटे मावत. कार्यक्रम त्याहून किंचित लांबला. त्यामुळे अकरावे आणि शेवटचे गाणे, 'लाँग टॉल सॅली', त्या फितीत मध्येच तुटते. तिकीट काढून बीटल्सना ऐकण्याची सोय जगाला त्यानंतर कधीच लाभली नाही.

या दौऱ्याविषयी मी पूर्वी एका धाग्यात लिहिले होते आणि सारा भार जॉन लेननच्या एका विधानावर टाकला होता. आपण येशू ख्रिस्तापेक्षा अधिक लोकप्रिय झालो आहोत, असे तो एका मुलाखतीत म्हणाला. अमेरिकेत त्यांच्या तबकड्यांच्या होळ्या पेटल्या. चौघे भ्याले आणि रंगमंच सोडून गेले. गोष्ट सुटसुटीत होती. वाचकांना आवडली, मलाही आवडली होती. पुढे तारखा क्रमाने मांडून पाहिल्या, तेव्हा ती टिकेना.

आरंभ स्टुडिओपासून करावा लागतो. १९६३ साली पहिल्या अल्बममधील दहा गाणी त्यांनी एका दिवसात ध्वनिमुद्रित केली होती, कारण ती गाणी ते रोज रंगमंचावर वाजवतच होते. १९६६च्या एप्रिलमध्ये सुरू झालेले 'रिव्हॉल्व्हर'चे काम मात्र जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालले. उलट्या फिरवलेल्या फिती, फितींची वेटोळी, तंतुवाद्यांचा ताफा: हे चार माणसांनी तीन गिटारी आणि एका ड्रमसेटवर उभे करणे अशक्य होते. काम संपते न संपते तोच, २४ जूनला, म्युनिकमध्ये दौरा सुरू झाला. त्या संपूर्ण दौऱ्यात 'रिव्हॉल्व्हर'मधले एकही गाणे वाजले नाही. ज्या कामाने ते झपाटले होते, ते घरी ठेवून जुनेच गाणे गात ते जग फिरले.

आणि तेही ऐकू येत नव्हते. हे आजच्या श्रोत्याला चटकन उमगत नाही. कलावंताला स्वतःचा आवाज ऐकवणारे मॉनिटर तेव्हा त्यांच्या रंगमंचावर नसत. प्रचंड मैदानात आवाज पोचवण्याचे काम कित्येकदा सामन्यांच्या घोषणांसाठी लावलेल्या कर्ण्यांवर सोपवलेले असे, आणि त्यावर हजारो कंठांचा चीत्कार. मागे बसलेला रिंगो स्टार पुढच्या तिघांच्या अंगाचे हेलकावे पाहून गाणे कुठवर आले हे ताडत असे. आपल्या बैठकीत तानपुरे गायकाच्या पाठीशीच झंकारतात. स्वर श्रोत्यांपर्यंत जाण्याआधी गाणाऱ्याच्या कानी पडावा, ही त्यातली सोय मला नेहमीच शहाणपणाची वाटत आली आहे. या चौघांच्या पाठीशी फक्त गोंगाट होता.

म्हणूनच टोकियोचा प्रसंग मला मनिलाहूनही महत्त्वाचा वाटतो. निप्पॉन बुदोकान ही वास्तू १९६४च्या ऑलिंपिकमधील ज्युदोसाठी उभारलेली. युद्धकलांच्या त्या स्थानी पाश्चात्त्य पोरांनी गावे, हे तेथील उजव्या राष्ट्रवाद्यांना मानवले नाही. निदर्शने झाली, धमक्या आल्या, बंदोबस्तासाठी पोलिसांची फौज उभी राहिली. बीटल्स हॉटेलच्या खोल्यांत जवळजवळ कैद होते. वेळ घालवण्यासाठी चौघांनी मिळून एकाच कागदावर एक चित्र रंगवले. ३० जून ते २ जुलै या तीन दिवसांत पाच कार्यक्रम झाले. पोलिसांच्या नजरेखाली श्रोते शिस्तीत बसून राहिले, आणि त्या अनपेक्षित शांततेत बीटल्सना प्रथमच स्पष्ट ऐकू आले ते स्वतःचे बेसूर होणे. रोज गर्दीने झाकलेला दोष उघडा पडला होता.

मनिलाची हकिकत अनेकांना ठाऊक आहे. ४ जुलैला दोन कार्यक्रम होते. त्याच दिवशी मलाकान्यांग राजप्रासादात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इमेल्डा मार्कोस त्यांची वाट पाहत होत्या. व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांनी आमंत्रण स्वीकारले नव्हते. दूरचित्रवाणीवर मात्र रिकाम्या खुर्च्या आणि हिरमुसलेली मुले दिसली. दुसऱ्या दिवशी संरक्षण काढून घेण्यात आले, विमानतळावरचे सरकते जिने बंद, आणि वाट अडवणाऱ्यांच्या धक्काबुक्कीतून त्यांना सामान ओढत विमान गाठावे लागले. फर्डिनंड मार्कोस यांची राजवट तेव्हा जेमतेम सहा महिन्यांची होती. पुढच्या वीस वर्षांची चुणूक चार वादकांना आधी मिळाली, असे मी म्हणेन. अर्थात हे आज म्हणणे सोपे आहे.

परतीच्या वाटेवर ते दिल्लीत थांबले. तिथे जॉर्ज हॅरिसनने रिखी राम यांच्या दुकानातून सतार घेतली. लंडनला उतरल्यावर तो पत्रकारांना म्हणाला की, आता काही दिवस विसावा घ्यायचा आणि मग अमेरिकनांकडून मार खायला जायचे. हे जुलैच्या आरंभी. लेननची ती मुलाखत लंडनच्या वृत्तपत्रात मार्चमध्येच छापून आली होती आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता. अमेरिकन मासिकात तिचा पुनर्मुद्रित अंश येऊन वणवा पेटला तो जुलैअखेरीस. म्हणजे होळ्या पेटण्यापूर्वीच मन उठले होते. माझ्या जुन्या धाग्यात नेमका हाच क्रम चुकला होता.

अमेरिकेतला प्रवास त्यानंतरचा. शिकागोत लेननचा खुलासा. मेम्फिसमध्ये प्रेक्षकांतून फटाका फुटला आणि चौघांनी एकमेकांकडे पाहिले, गोळी कुणाला लागली म्हणून. पावसामुळे सिनसिनाटीचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. कँडलस्टिक पार्कवर तर बरीच आसने रिकामी होती.

सप्टेंबरमध्ये जॉर्ज मुंबईला आला. पंडित रविशंकरांच्या सल्ल्याने त्याने ओळख लपवण्यासाठी मिशा राखल्या होत्या. ताज हॉटेलात टोपणनावाने उतरला. तिथल्या लिफ्टमनने त्याला ओळखले आणि खिडकीखाली पुन्हा तोच कोलाहल सुरू झाला. मग गुरुशिष्य श्रीनगरला गेले. दल सरोवरातल्या हाउसबोटीवर, मांडी घालून बसताना कळ येई तरीही, तो सतारीचे पलटे घासत राहिला. ऐकायला गुरू होते, आणि तो स्वतः.