आईने शब्द उच्चारला

कामतघरला आमच्या घरी ‘गाठ’ हा शब्द दिवसातून शंभरदा यायचा. पप्पा लूमवर. धागा तुटला की दोन बोटांत गाठ मारायची, की माग पुन्हा खडखडायला लागतो. 22व्या वर्षी तोच शब्द माझ्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर आला आणि आई तो उच्चारेनाशी झाली. ‘ते’ म्हणायची.

त्याआधी वर्षभर गॅसच्या गोळ्या. पोट पुढे आलं होतं, दुखत फारसं नव्हतं. शेजारच्या काकूंनी आईला बाजूला घेऊन काय विचारलं, ते आईच्या चेहऱ्यावरूनच कळलं. लग्न न झालेल्या मुलीचं पोट! मी मोठ्या ओढणीशिवाय बाहेर पडणं बंद केलं.

रिपोर्ट म्हणत होता, बीजांडाची गाठ असावी. ठाण्याच्या सर्जननी तो बाजूला ठेवून मला झोपवलं. हाताने गाठ डावी-उजवीकडे ढकलली, सहज सरकली. वरखाली ढकलली, हलेना. “ही बहुतेक आतड्याच्या पडद्यातली.” आतड्यांना पोटाच्या मागच्या भिंतीशी जोडणारा तो पडदा, त्याच्या दोन पदरांमध्ये पाण्याची पिशवी. मोठ्या माणसांत लाखभर दाखल रुग्णांमागे साधारण एक. हाताने कळणारी ही खूण पॅरिसच्या तियो या सर्जनच्या नावाने ओळखतात; त्यांनी 1880मध्ये अशी गाठ यशस्वीपणे काढली होती. माझ्या सीटी स्कॅनमध्येही तेच निघालं.

“सुईने पाणी काढलं तर?” पप्पांनी विचारलं. खर्चाचा हिशेब चालू होता, दुसरं काय.

“पुन्हा भरेल. पिशवीच काढायला हवी. पण आतड्याच्या रक्तवाहिन्या त्याच पडद्यातून जातात. त्या चिकटलेल्या असल्या तर आतड्याचा तुकडाही काढावा लागेल.”

“म्हणजे धागा न तोडता गाठ काढायची.”

डॉक्टर हसले. “हो, तसंच.”

आतडं वाचलं. पिशवी अख्खी निघाली, नारळाएवढी. पप्पांनी ट्रेमध्ये पाहिली, आईने मान फिरवली. पण साधी की कॅन्सरची, याचा पक्का निकाल पॅथॉलॉजीचा. ते आठ दिवस आई रात्री उठून माझा श्वास बघायची. मी झोपेचं सोंग घ्यायचे.

साधी होती.

काकू शहाळं घेऊन आल्या. आईने त्यांना दारातच, अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं, “गाठ होती हो. गाठ!”