परतीची वाट

राउटिंग टेबल म्हणजे काय असं कोणी विचारलं की मी पांझरेवरची फड पद्धत सांगतो. बंधाऱ्यातून पाटात, पाटातून चारीत, चारीतून शेतात. आज कुठे पाणी सोडायचं ते पाटकरी बघतो. पाटकऱ्याचं हे काम नेटवर्कमध्ये राउटिंग टेबल करतं. फरक एवढाच की पाणी शेतात मुरतं, पॅकेटचं उत्तर मात्र परत यावं लागतं. बहुतेक भानगडी या परतीच्या वाटेवरच होतात.

दिवाळीच्या आधी जळगावच्या एका पतसंस्थेतून फोन आला. "भाऊ, सकाळपासून एकाही शाखेत सॉफ्टवेअर उघडत नाहीये. बाहेर लोक जमलेत." आता, पतसंस्थांमध्ये ठेवी अडकल्याचं या जिल्ह्याने भरपूर भोगलंय. इथे 'सर्व्हर बंद आहे' या वाक्याचा अर्थ लोक वेगळाच लावतात. फोनवर मागून कोणीतरी विचारताना मला ऐकू आलं, "पैसा गयात का भाऊ?"

यांचा सर्व्हर म्हणजे मुंबईच्या एका डेटा सेंटरमधलं भाड्याचं व्हर्च्युअल मशीन. मी धुळ्यात. सेंटरवाले म्हणाले, आमच्याकडून सगळं चालू आहे. ते खोटं बोलत नव्हते, शेजारच्याच मशीनवरून तपासत होते! एकाच नेटवर्कमधल्या शेजाऱ्याकडे जायला डिफॉल्ट रूट लागतच नाही.

कन्सोलवरून आत शिरलो आणि 'आयपी राउट' मारलं. दोन डिफॉल्ट रूट. आदल्या रात्री सेंटरवाल्यांनी बॅकअपसाठी दुसरं व्हर्च्युअल नेटवर्क कार्ड जोडलं होतं आणि डीएचसीपीने त्याच्यासोबत आपला गेटवेही देऊन टाकला. त्याचा मेट्रिक कमी, आणि लिनक्स कमी मेट्रिकवाल्यालाच आधी मानतं. टीसीपीडंप लावलं तर चित्र स्पष्ट: शाखेची विनंती पहिल्या कार्डावर येतेय, उत्तर दुसऱ्यातून जातंय.

समजा तुम्ही धुळ्याहून पारोळा-एरंडोलमार्गे जळगावला गेलात आणि अमळनेरवरून परत निघालात. तिथल्या नाक्यावरचा माणूस म्हणतो, तुमच्या जाण्याची नोंद माझ्या वहीत नाही, सोडणार नाही. दुसऱ्या बाजूच्या फायरवॉलने नेमकं हेच केलं. विनंती तिने पाहिलीच नव्हती, मग उत्तर कशाला जाऊ देईल? पॅकेट गुपचूप टाकून दिलं. कुठेही एरर नाही.

दुसऱ्या कार्डाचा डिफॉल्ट रूट काढला, फक्त बॅकअपच्या नेटवर्कपुरता रूट ठेवला. मग तेच कॉन्फिग फाइलमध्येही लिहिलं. हे विसरलं की मशीन रीबूट झाल्यावर पहिले पाढे पंचावन्न.

दुपारी काउंटर सुरू झाले. एका आजोबांनी म्हणे दहा हजार काढले, दोनदा मोजले आणि तिथेच परत भरले.

सेंटरवाल्यांना सविस्तर मेल पाठवली. उत्तर आलं, तक्रार बंद करण्यात आली आहे. असो.