गाडीतला लाल सिलिंडर आणि त्यावरची तारीख

पेशंटने घरून आणलेली गोळ्यांची स्ट्रिप मी आधी उलटी करतो आणि एक्स्पायरी बघतो. माझी ही सवय तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. त्यामुळे पुढचं सांगताना जरा लाजच वाटते.

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी आईला घेऊन गडचिरोलीहून चंद्रपूरला येत होतो. सावली मागे टाकून मूलकडे निघालो, तेव्हा बोनेटच्या फटीतून धूर यायला लागला. वायर जळाल्याचा वास. गाडी बाजूला घेऊन बंद केली. आई मागच्या सीटवर, वय 82, दोन्ही गुडघे निकामी. एरवीही तिला उतरवायला चार-पाच मिनिटं लागतात. आधी एक पाय, मग वॉकर, मग दुसरा पाय.

आग विझवण्याचा सिलिंडर माझ्याकडे होता, पण डिक्कीत, तांदळाच्या कट्ट्याखाली. ओढून काढला, पिन उपसली, दांडा दाबला. नुसतं फुस्स झालं. काटा लाल पट्ट्यात होता आणि तारीख उलटून दोन वर्षं झाली होती. मग मी घाबरून बोनेट उघडलं, ही दुसरी चूक. आत हवा शिरली, जाळ उसळला आणि माझा उजवा हात भाजला.

नशीब म्हणा, मागून एसटी आली. ड्रायव्हर आपला सिलिंडर घेऊन धावला, कंडक्टरने आणि एका प्रवाशाने आईला उचलून लांब नेलं. जाळ बसला. दोनेक मिनिटांनी पुन्हा भडकला आणि गाडीचा पुढचा भाग गेला. पण तोवर आई पळसाच्या सावलीत बसून माझ्यावर ओरडत होती!

ही दोन मिनिटं म्हणजेच तो सिलिंडर. गाडी वाचवण्यासाठी तो नसतोच. एक किलोच्या डब्यातली पावडर जेमतेम आठ-दहा सेकंद उडते. ती आग दाबते, पण तापलेलं इंजिन थंड करत नाही, म्हणून आग परत पेटू शकते. तेवढ्यात माणूस बाहेर काढायचा.

याच रस्त्याने पुढे, मूल आणि चंद्रपूरच्या मध्ये अजयपूर लागतं. 19 मे 2022 च्या रात्री तिथे डिझेलचा टँकर आणि लाकडं भरलेला ट्रक समोरासमोर धडकले. नऊ माणसं जळून गेली. आगीचे बंब पोहोचायला सुमारे तास लागला, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. तशा आगीपुढे आपला डबा काहीच नाही, हे कबूल. मी सांगतोय ते त्या तासाबद्दल. चंद्रपूरपासून फार लांब नसलेल्या रस्त्यावर ही स्थिती, तर आलापल्ली, भामरागडकडे जाताना काय, याचा तुम्हीच विचार करा. 101 किंवा 112 ला फोन लावायचाच, पण जंगलात रेंज मिळेलच असं नाही.

सिलिंडर घेताना आयएसआय खूण असलेला, एबीसी पावडरचा घ्या. जमलं तर दोन किलोचा. ड्रायव्हरच्या हाताला लागेल असा, क्लॅम्पने घट्ट बसवा. सुटा ठेवला तर घरंगळून ब्रेकखाली जाईल. महिन्यातून एकदा काटा हिरव्यात आहे का बघा आणि डबा उलटासुलटा हलवा, कारण गाडीच्या हादऱ्यांनी पावडर तळाशी दडपते. किती तापमानापर्यंत चालतो हे लेबलवर असतं, तेही वाचा. आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीत हात लावणं मुश्किल होतं.

धूर दिसला की इंजिन बंद, माणसं बाहेर, मगच सिलिंडर. बोनेट पूर्ण उघडू नका. आतला खटका ओढल्यावर जी फट पडते, तिच्यातून फवारा मारा. डबा रिकामा झाला आणि आग तशीच असली, तर लांब पळा. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी पेटली असेल तर प्रयत्नच करू नका.

आणखी एक गोष्ट, खास आपल्या भागातली. मोह-तेंदूच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला सागाच्या वाळक्या पानांचा थर असतो. लांबून आलेली गाडी त्यावर उभी केली, तर तापलेल्या सायलेन्सरमुळे खालून पानं पेटू शकतात. मोकळी जागा बघूनच थांबा.

आता भाजल्याबद्दल. माझा हात कंडक्टरने हापशाखाली धरायला लावला. त्यावर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, हाच पहिला उपचार. बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यांतलं काहीही नको. नंतर ते खरवडून काढताना पेशंट किती कळवळतो, ते मी पाहिलं आहे. सूज यायच्या आत अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा. मग स्वच्छ कापडाने सैल झाका. कपडे पेटले असतील तर पळू देऊ नका, जमिनीवर लोळवा.

आणि धूर. बंद गाडीत धूर घेतलेला माणूस बाहेरून धडधाकट दिसतो. त्याचा आवाज घोगरा झाला असेल, नाकातले केस जळाले असतील, थुंकी काळी येत असेल, तर 108 बोलवा. कोविडपासून घरोघरी असलेला बोटाचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो, आणि त्या यंत्राला दोघांतला फरक कळत नाही. 98 दिसलं तरी डोकं दुखत असेल, गरगरत असेल, तर त्याला दवाखान्यात न्याच. तो ‘मी बरा आहे’ म्हणत असला तरीही.