डोक्यावरची माती

आमच्या औसा तालुक्यात पूर्वी घरं माळवदाची. दगडाच्या रुंद भिंती, वर लाकडाच्या तुळया, फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी नवी माती टाकायची, म्हणजे गळत नाही. परड्यात लावलेला दुधी, दोडका भिंतीला धरून माळवदावर पसरायचा. कालवणाची वेळ झाली की माय शिडी लावायची. भाजी विकत आणतात हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं झोपलेली. पहाटे चारच्या सुमाराला भुई हलली. किल्लारी, सास्तूरकडं हजारो माणसं गेली, ती बहुतेक त्याच दगडामातीखाली. आमच्या घराच्या भिंती फाटल्या, जीव वाचले. पण माळवदाची भीती बसली ती बसलीच. लोकांनी माती उतरवली, पत्रे टाकले. तापल्या पत्र्यावर वेल करपतो.

शेतात बघावं तर सगळं सोयाबीन. तणनाशक मारलं की तणासंगं बांधावरचा वेलही जातो. शेतकरी असून आम्ही आठवडी बाजारातनं पावशेर दोडका आणायला लागलो.

पुढं स्लॅबचं घर झालं. मंडळीनं वर भाजी लावायचं काढलं, तर माय खवळली. म्हणाली, "पुन्हा डोक्यावर माती घ्यायलास का रं?"

तिचं म्हणणं काही खोटं नव्हतं. फूटभर लांब, रुंद, उंच डब्यात भिजलेली माती पन्नास किलोच्या आसपास भरते. असे वीस डबे म्हणजे टनभर वजन. म्हणून आम्ही मातीच कमी केली. एक टोपलं माती, एक टोपलं मुरलेलं शेणखत, दोन टोपली वाळला पाला आणि सोयाबीनचं भुसकट. पाला कुजून खाली बसतो, तेव्हा वरनं पुन्हा भरायचा. डबे स्लॅबच्या मधोमध न ठेवता खाली भिंत आहे त्या कडेनं मांडले. बुडाशी विटा दिल्या, पाणी निघून जायला भोकं पाडली. मंडळीनं भरलेला डबा एकटीनं सरकवून मायला दाखवला.

माय काही बोलली नाही. चार दिवसांनी तिनं गाडग्यातल्या राखेतलं दुधीचं बी काढून दिलं. माळवदावरच्या वेलाचंच ते. परड्याच्या कोपऱ्यात दरसाल एक वेल लावून तिनं ते टिकवलं होतं.

दुधीचं फूल सांजच्याला उमलतं. वर मधमाशी कमी येते, म्हणून मंडळी नर फूल तोडून मादी फुलाला टेकवते. देठाशी इवलंसं फळ असतं ती मादी. मेथी महिन्याभरात हाती येते. एप्रिल-मे मात्र अवघड. स्लॅब तापतो, जुन्या लुगड्याची सावली करावी लागते. वानरांना अजून तोड सापडलेली नाही.

माय आता नाही. दरसाल एक दुधी वेलावरच वाळू देतो. हलवला की आत बी खुळखुळतं. गावातली, पुण्या-मुंबईची पाहुणे मंडळी बी मागतात. मी देतो, पण आधी विचारतो, "घराच्या भिंती कुठनं गेल्यात, ते माहीत आहे का?"