‘तो जेवायला बसायला’

‘तो जेवायला बसायला.’ परभणीत, जिंतुरात, गंगाखेडात हे वाक्य इथे संपते आणि पुरते संपते. तो जेवायला बसतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. पुण्यातला वाचक मात्र पूर्णविरामापाशी अडखळतो. जेवायला बसायला... काय? गेला? सांगितले? उठला? त्याला वाटते, क्रियापद छपाईत गळाले. हस्तलिखिते तपासणाऱ्याचे लाल पेन अशा ओळीवर आपोआप टेकते आणि ‘बसायला’चे ‘बसतोय’ होऊन जाते. माझे म्हणणे असे की, पेन टेकवण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. वाक्य चुकले आहे हा एक शोध आणि वाक्य माझ्या कानाला खटकले हा दुसरा. पहिल्याचा पुरावा भाषेत शोधावा लागतो, दुसऱ्याचा पुरावा फक्त माझ्यापाशी असतो. आमच्या धंद्यात दुसऱ्याला पहिल्याचे नाव देऊन मोकळे होण्याची सवय फार जुनी आहे.

शुद्ध असूनही कानाला खटकणारी वाक्ये इंग्रजीच्या अभ्यासकांनी हौसेने गोळा केली आहेत. ‘बफेलो’ हा एकच शब्द ओळीने आठ वेळा लिहून व्याकरणशुद्ध वाक्य होते, कारण तो प्राणी आहे, अमेरिकेतले शहर आहे आणि ‘दमदाटी करणे’ अशा अर्थाचे क्रियापदही आहे. नोम चॉम्स्की यांनी 1957 साली वाक्यरचनेवरच्या पुस्तकात अर्थाने पार विसंगत आणि तरी रचनेने निर्दोष असे वाक्य पुढे ठेवले, ते याच मुद्द्यासाठी. टॉमस बेव्हर यांनी 1970 मध्ये चर्चेला आणलेले घोड्याचे वाक्य मला अधिक उपयोगी वाटते: ‘द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल’. त्यात ‘रेस्ड’ हे रूप येताच वाचक ‘घोडा दौडला’ असे धरून चालतो, वाक्य मिटवूनही टाकतो, आणि मग शेवटी ‘फेल’ हा शब्द उरतो. तो कुठेच बसत नाही. मागे जाऊन ‘दौडवलेला घोडा पडला’ असे वाचले की सगळे जागेवर येते. चूक लिहिणाऱ्याची नसते. वाचणाऱ्याने रूप पाहून घाईने निकाल दिलेला असतो. परभणीच्या वाक्यात हेच उलट्या बाजूने घडते. तिथे वाक्य संपल्यावर शब्द उरतो, इथे शब्द संपल्यावरही वाचक वाक्याची वाट पाहत राहतो.

आता हे ‘बसायला’ जवळून पाहू. मी करायलो, तू करायलास, ती करायली, ते करायलेत, पोरगं रडायलंय, पाऊस पडायलाय. पुण्यामुंबईच्या कानाला ‘-लो’, ‘-ली’ म्हणजे भूतकाळ, त्यामुळे ‘मी भाकरी खायलो’ हे त्याला दुहेरी चुकलेले वाटते. काळही बिघडला आणि भाकरी स्त्रीलिंगी असून क्रियापद पुल्लिंगी. पण हा भूतकाळ नाहीच. भूतकाळात परभणीचा माणूसही ‘मी भाकरी खाल्ली’ असेच म्हणतो, कर्माप्रमाणे. चालू क्रियेत मात्र तो क्रियापद कर्त्याप्रमाणे फिरवतो, आणि त्याला कारण आहे. याच भागात ‘खाऊ लालो’, ‘काय करू लालास’ अशीही रूपे चालतात, त्यांत ‘लागणे’ उघड दिसते. ‘खायलो’मध्येही ते आटून बसलेले दिसते. ‘लागणे’ इथे अकर्मकासारखे वागते, म्हणून प्रमाण मराठीतही ‘मी भाकरी खाऊ लागलो’ असेच होते, ‘खाऊ लागली’ होत नाही. म्हणजे परभणीने नवा नियम काढलेला नाही. सगळ्यांच्याच मराठीतला नियम तिने आखूड रूपात पाळला आहे, आणि कसून पाळला आहे. मोंढ्यातला कोणताही गडी ‘मी भाकरी खायली’ असे म्हणणार नाही. कोणी म्हटलेच, तर ऐकणारा हसेल. जिथे चुकता येते तिथे नियम असतो, आणि ‘अशुद्ध’ म्हणून हिणवलेल्या या रचनेत चुकायला पुरेपूर जागा आहे.

उलट प्रमाण मराठीच्या विचित्रपणाकडे आपण कधी पाहतच नाही. पाहुणा कोचावर बसल्या बसल्या ‘बरंय, निघालो मी’ म्हणतो आणि पुढे अर्धा तास गप्पा मारतो, त्याच्या भूतकाळाला कोणी हरकत घेत नाही. ‘राणीने दासीला बोलावले’ या वाक्यात दोन्ही बायका, तरी क्रियापद नपुंसकलिंगी. ‘मी धडा वाचला’ पण ‘मी धडा शिकलो’, कर्म तेच आणि प्रयोग वेगळा. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण 1836 सालचे, मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 सालचे. या परंपरेने प्रयोगांच्या अशा आडवळणांना नियम, अपवाद, उपनियम देऊन घर करून दिले. परभणीच्या ‘खायलो’ला तसे घर मिळाले नाही, एवढाच फरक. एखादी रचना पाठ्यपुस्तकात आली की तिचा विचित्रपणा ‘अपवाद’ ठरतो, नाही आली की ‘गावंढळपणा’.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. प्रत्येक जिल्ह्याचे सगळे बरोबर धरले तर प्रमाणभाषा कशाला हवी? ती हवीच. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे फवारणीविषयीचे पत्रक चंद्रपूरच्या आणि सिंधुदुर्गच्या शेतकऱ्यालाही एकाच अर्थाने कळले पाहिजे, तिथे ‘औषध मारायलेत’ चालणार नाही. पण ‘इथे चालणार नाही’ आणि ‘हे चूक आहे’ यांत अंतर आहे. लग्नात मळके कपडे चालत नाहीत म्हणून ते शेतातही चुकीचे ठरत नाहीत. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या लेखननियमांतही पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायची मुभा आहे. लाल पेनवाले मात्र त्या नियमांहूनही कडक निघतात. शिवाय हा कडकपणा सगळीकडे सारखा नसतो. 1995 साली परभणीत 68 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष होते नारायण सुर्वे. त्यांच्या कवितेतली मुंबईच्या कामगारवस्तीची बोली मराठी वाचकाने तळटीप न मागता स्वीकारली आहे. ज्या गावात तो मांडव पडला, तिथल्या ‘करायलो’वर अजून प्रश्नचिन्ह उमटते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे आणि तो मला अर्धा मान्य आहे. वाक्य नियमात बसले तरी वाचकाला कळले नाही तर संपादकाने हात लावायचा नाही का? लावायचा. कर्त्याच्या पोटात कर्ता आणि त्याच्याही पोटात तिसरा कर्ता कोंबलेली वाक्ये इंग्रजीत व्याकरणशुद्ध ठरतात, पण वाचणाऱ्याचा दम काढतात. आपल्या सरकारी परिपत्रकांतली वाक्येही त्याच कुळातली, त्यांना ‘अशुद्ध’ कोणी म्हणत नाही ही गंमत निराळी. अशा ठिकाणी बदल सुचवावा, पण ‘चूक’ असा शेरा मारू नये, ‘इथे अडखळायला होते’ असे लिहावे. दोन्हींचा परिणाम वेगळा होतो. पहिला शेरा वाचून परभणीचा लेखक पुढच्या शंभर पानांतली आपली रूपे मुकाट पुसून टाकतो. दुसऱ्यावर तो विचार करतो आणि बहुतेक वेळा मागचेपुढचे एखादे वाक्य हलवून वाट काढतो. ‘तो जेवायला बसायला’ला तर एवढेही लागत नाही. आधीच्या ओळीत ‘आई भाकरी करायली’ आले, तर परका वाचकही दुसऱ्या पानापर्यंत सरावतो.

माझे पेन्सिलीचे प्रश्नचिन्ह एकाच जातीच्या वाक्यावर ठाम राहते: ‘मी चहा प्यायलो.’ पुण्यात कप रिकामा झाला आहे, परभणीत तो अजून हातात आहे. दोन्ही वाक्ये शुद्ध, अक्षर न अक्षर सारखी, काळ वेगळे. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत असलेल्या कथेत ही ओळ नेमकी सीमेवर पडली, तर कोणते व्याकरण लावायचे हे वाक्याकडे पाहून ठरत नाही. तिथे समासात ‘चहा संपला का?’ एवढे लिहून पान लेखकाकडे परत पाठवावे लागते.