टाचणानंतरची वही

शिक्षकाच्या टाचणवहीत उद्याचं सगळं असतं. घटक, उपघटक, अध्ययन निष्पत्ती, शैक्षणिक साहित्य. मुख्याध्यापकांची सही होते, केंद्रप्रमुख आले की ती टेबलावर जाते. वर्गात प्रत्यक्ष काय घडलं, याला मात्र तिच्यात जागा नाही. त्यासाठी मी वेगळी वही ठेवते आणि ती कुणाला दाखवत नाही. दाखवायची म्हटलं की माणूस नकळत शोभेल असं लिहायला लागतो.

शाळा सुटली की थोडा वेळ लिहायचं. पथ्य एकच: आधी जे दिसलं, ऐकलं ते, मत मागाहून. ‘मुलांना हातच्याची वजाबाकी जमत नाही’ असं लिहून हाती काहीच लागत नाही. म्हणून तिसरीतल्या एका मुलीचं उदाहरण मी जसंच्या तसं उतरवून घेतलं: 52 − 27 = 35. खाली तिचंच म्हणणं: “दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन घालवले.” लिहिता लिहिता लख्ख दिसलं, पोरीचा गोंधळ नव्हताच. लहानातून मोठं जात नाही, हे तिने पहिलीत ऐकलंय आणि ती ते इमानाने पाळतेय. तिला आणखी दहा उदाहरणं देऊन काय उपयोग? दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे काड्यांचे पाच दशक-गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या. म्हटलं, “मला सत्तावीस दे.” दोन गठ्ठे दिले, सुट्या दोन दिल्या, थांबली. मग तिसऱ्या गठ्ठ्याचं रबर तिने आपणहून काढलं.

हे सगळं त्याच दिवशी लिहायला हवं. चार्ल्स डार्विन आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की लगेच टिपून ठेवत, कारण अशाच गोष्टी लवकर विसरतात, असा त्यांचा अनुभव होता. शिक्षकालाही रंगलेला तास वर्षानुवर्षं आठवतो. फसलेला आठवड्यात पुसला जातो. डोनाल्ड शॉन या अमेरिकी अभ्यासकाने 1983 साली काम करता करता होणारा विचार आणि काम झाल्यावरचा विचार यांत फरक केला. भरल्या वर्गात पहिल्याला जेमतेम क्षणभर मिळतो. दुसऱ्याला कागद लागतो.

ग्रॅहम गिब्ज या शिक्षण-अभ्यासकांनी 1988 साली चिंतनाचे सहा टप्पे मांडले: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती. नवख्याला ते धरून चालायला बरे. पण अशा लेखनाला गुण द्यायला लागलं की भावनाही परीक्षकाला आवडतील अशाच उतरतात. मला हे फार घातक वाटतं. शिकाऊ शिक्षकाला निदान एक वही तरी तपासणीविना मिळावी.

रागही लिहावा. वेळेसकट. माझी बरीचशी चिडचिड मधल्या सुट्टीनंतरची निघाली, आणि तीही ज्या दिवशी ऑनलाइन माहिती भरायची घाई असते त्या दिवशीची. मुलांचा त्यात काडीचा संबंध नव्हता. आता ती माहिती मी शाळा सुटल्यावर भरते.

दिवाळीच्या सुट्टीत वही सलग वाचते. वाचताना दिसतं, की दंगेखोर पोरं पानोपानी आहेत, हुशारही आहेत, पण काही मुलांचं नाव कुठेच नाही. ही मुलं रोज येतात, गप्प बसतात, गृहपाठ करतात. दुसरं सत्र सुरू झालं की पहिल्या पानावर आधी त्यांची नावं लिहिते, आणि रोज त्यांतल्या एकाजवळ जाऊन बसते.